ओठाचा डावा कोपरा

“साहेब, जरा हसा.”

कंत्राटदार हसला, पण उजवीकडूनच हसला.

मेकअपदादाच्या हातातला स्पंज गालाजवळ पोचला होता, तो तिथंच थांबला. आरशाभोवतीचे सगळे दिवे चालू होते, त्यामुळं नीट दिसलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. उजवा गाल वर गेला, त्याला वळी पडली, डोळा बारीक झाला. डावा गाल होता तिथंच राहिला. ओठाचा डावा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा खाली उतरला होता.

“झालं का? का अजून हसू?” कंत्राटदार म्हणाला. “मला फुकट हसायची सवय नाही, आधीच सांगतो.”

मागं उभी असलेली त्याची माणसं खो खो हसली. दादाही हसला.

रंग लावायच्या आधी माणसाला हसवायचं, ही त्याची एकतीस वर्षांची रीत. हसल्यावर गालाच्या वळ्या कुठं पडतात ते कळतं. त्या वळीत रंग साठला की कॅमेऱ्यात माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. बातम्या देणाऱ्या पोरी, हवामान सांगणारे, कुठले कुठले पाहुणे, सगळे त्याच्या खुर्चीत बसून आधी हसत आणि मग रंगत. शहरापुरती वाहिनी होती, पण त्याच्या हाताखालून गेलं नाही असं एकही नावाजलेलं तोंड शहरात नव्हतं.

आज सहा वाजता नगराध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची समोरासमोर चर्चा होती. थेट प्रक्षेपण. महिनाभर वाहिनीवर दुसरा विषयच नव्हता. सभा, फेऱ्या, नळाला पाणी का नाही, पूल कुणी खाल्ला, उठल्यापासून झोपेपर्यंत तेच. एका बाजूला कंत्राटदार. शहरातले निम्मे रस्ते यानं बांधले आणि उरलेले निम्मे खणले, असं लोक म्हणत. म्हणत म्हणजे आपापसांत, दार लावून. दुसऱ्या बाजूला शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. मतदान चार दिवसांवर आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

“गाल फुगवा बरं, साहेब.”

कंत्राटदारानं गाल फुगवले. डाव्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून निघून गेली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो फोनवर कुणालातरी शिव्या घालायला लागला.

असं तोंड दादानं याआधी एकदा पाहिलं होतं.

तो गप्प राहून गळ्याला रंग लावत बसला. गप्प राहायला कारण होतं. दहा दिवसांपूर्वी एका सभेत व्यासपीठाची पायरी चढताना कंत्राटदाराचा पाय अडखळला होता. वाहिनीच्या कॅमेरामननं ते टिपलं आणि ती आठ सेकंदं दिवसभर चालली. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणायला लागले, गडी आतून पोखरलाय, पाच वर्षं काढतोय कसला. दुसऱ्या दिवशी कॅमेरामन घरी चालला होता, त्याला चौघांनी गाठलं. ते चौघं कोण ते कुणालाच माहीत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. त्याचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. त्यानंतर कंत्राटदाराचा भाचा, ज्याच्या हातात सगळा प्रचार होता, तो वाहिनीत येऊन सगळ्यांना हात जोडून म्हणाला होता, “मामांच्या तब्येतीची ज्यांना फार काळजी वाटते, त्यांनी आधी आपली सांभाळावी.” किती अदबीनं म्हणाला होता! कार्यक्रमाच्या निर्मातीताईचा चहाचा कप तेव्हा बशीवर थडथडला होता.

आता चहा आला. कंत्राटदारानं घोट घेतला आणि चहाचा एक ओघळ डाव्या कोपऱ्यातून हनुवटीकडं निघाला. भाचा दारात उभा होता, तो दोन ढांगांत आला आणि रुमालानं पुसून मोकळा झाला. सकाळपासून हेच करत असावा इतक्या सराईतपणे. मग त्यानं आरशातून दादाकडं पाहिलं. दादानं नजर खाली घेतली.

“दादा, जरा बाहेर या.”

बाहेर बोळात भाच्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता.

“दाढेचं दुखणं आहे मामांना. सकाळी डॉक्टरनं इंजेक्शन दिलंय, म्हणून ती बाजू बधिर आहे. कळलं ना?”

“हो.”

“तेवढा कोपरा वर घ्या. रंगानं होतं ना?”

“होतं,” दादा म्हणाला.

आणि ते खरं होतं. ते किती सोपं होतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी, सकाळी साडेआठला, त्यानं स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी स्टूल ओढून बायकोला बसवलं होतं. तिच्या भाचीचं लग्न होतं. “सगळ्या गावाची तोंडं रंगवता,” ती तीस वर्षं म्हणत आली होती, “घरच्या तोंडाला कधी मुहूर्त लागायचा?” त्या दिवशी लागला. त्यानं पेटी उघडली, तिच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला आणि सवयीनं म्हणाला, “जरा हस.”

ती हसली. एका बाजूनं हसली.

“वाकडं काय हसतेस?”

“तुमच्याकडं बघून सरळ हसू कसं येणार?” ती म्हणाली. शब्द जरा जड आले. “पावडर गेली वाटतं तोंडात.”

त्यानं पेन्सिल घेतली. चेहऱ्यात जे वाकडं असेल ते सरळ करायचं, हेच त्याचं काम. दुसरं त्याला काही सुचलंच नाही. कोपऱ्यात एक रेघ वरच्या अंगाला, खाली कातडीच्या रंगाचा एक ठिपका, आणि ओठ सरळ झाले. तिनं आरशात पाहिलं आणि लाजली. अकराच्या सुमाराला लग्नाच्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत, ती खुर्चीवरून कलंडली. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “सकाळी तोंड वाकडं दिसलं होतं का? बोलणं जड वाटलं होतं?” लेक शेजारी उभी होती. दादा म्हणाला, “नाही.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सकाळीच कळलं असतं तर...” आणि पुढचं त्यांनी गिळलं. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

लग्नाच्या फोटोत तिचे ओठ सरळ आहेत. लेकीनं तोच फोटो मोठा करून आपल्या घरी लावलाय. आल्यागेल्याला सांगते, “आई किती छान दिसतेय ना यात? बाबांनी मेकअप केला होता.”

दादा बोळातून परत खोलीकडं निघाला, पण पाय निर्मातीताईच्या टेबलाकडं वळले. ती कानाला यंत्र लावून तिघांशी एकदम बोलत होती. त्याच्या लेकीच्याच वयाची पोरगी.

“ताई, साहेबांची तब्येत बरोबर नाही. इस्पितळात न्यायला पाहिजे. आत्ता.”

तिनं यंत्र कानावरून काढलं. आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या खुर्चीत तो कॅमेरामन बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन.

“दाढ दुखतेय म्हणाले ना ते?”

“दाढ नाही, ताई.”

“दादा, तुम्ही डॉक्टर आहात का?” तिचा आवाज बारीक झाला. “खाली गेटपाशी त्यांचे दीडशे लोक उभे आहेत. आपण गोड बोलून हे सांगितलं तरी त्यांना वाटणार, समोरच्यांनी बोलायला लावलं. तुम्ही रंगाचं काम करा. तुमच्या पाया पडून सांगायची वेळ माझ्यावर आणू नका.”

कॅमेरामननं दादाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

दादा आत आला. पाच चाळीस. त्यानं पेन्सिल घेतली. करंगळी कंत्राटदाराच्या हनुवटीवर टेकवली. एक रेघ वर. खाली एक ठिपका. बोटानं हलकेच पुसून कडा मिसळली. काम चोख झालं. हाताला डोकं नसतं, त्याला फक्त सवय असते.

“वा!” भाचा दारातून म्हणाला. “जादू आहे हो दादा तुमच्या हातात!” आणि फोन कानाला लावून बोळात गेला.

दादानं आरशात पाहिलं. ओठ सरळ होते. अगदी फोटोतल्यासारखे.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “दाढ कुठली दुखतेय? वरची का खालची?”

“कसली दाढ?”

“सकाळी इंजेक्शन घेतलंत ना...”

“माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत. खायचे पण आणि दाखवायचे पण.” कंत्राटदार हसला. ‘शाबूत’ म्हणताना त्याची जीभ घसरली.

दादानं कापसाचा बोळा घेतला, क्रीममध्ये बुडवला आणि सगळा डावा कोपरा पुसून टाकला.

“ए!” भाचा परत आला होता. “काय करतोस?”

पुढच्या क्षणी दादाची कॉलर त्याच्या मुठीत होती. पेटी खाली पडली. एक डबी घरंगळत जाऊन कंत्राटदाराच्या बुटाला लागली.

“कुणाचं मीठ खाल्लंस? मास्तरणीनं पाठवलं तुला?”

दादाला डोळ्यांपुढं कॅमेरामनचा प्लास्टरचा हात दिसत होता. आपला उजवा हात मोडला तर आपण काय करणार, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो बोलला. भाच्याशी नाही, आरशातल्या माणसाशी.

“साहेब, हसा. माझ्यासाठी नको. स्वतः बघा.”

कंत्राटदारानं आरशात पाहिलं आणि हसला. मग हसू थांबवलं. पुन्हा हसून पाहिलं.

“हे कधीपासून आहे?” त्यानं विचारलं.

“मामा, थकवा आहे. महिनाभर झोप नाही तुम्हाला,” भाचा म्हणाला. “एक तासाचा प्रश्न आहे. कार्यक्रम झाला की लगेच जाऊ ना.”

“कधीपासून ते विचारतोय.”

“...सकाळपासून.”

“म्हणजे तुला दिसत होतं.”

भाच्याची मूठ कॉलरवरून सैल झाली.

“आणि तुला रे काय कळतं यातलं?” कंत्राटदारानं दादाकडं मान वळवली. “तू रंगवणारा माणूस.”

“माझ्या बायकोचा कोपरा असाच उतरला होता, साहेब.” दादानं हे आजवर मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं, स्वतःच्या घरात एकटा असतानाही नाही. “मी तो पेन्सिलीनं वर केला. आणि तिला लग्नाला घेऊन गेलो.”

“मग?”

“मग काही नाही, साहेब. फोटो चांगले आले.”

कंत्राटदारानं उजव्या हाताची बोटं ओठाच्या कोपऱ्याला लावली.

“दोन्ही हात पुढं धरा,” दादा म्हणाला. इस्पितळात त्यानं हे पाहिलं होतं.

कंत्राटदारानं दोन्ही हात पुढं धरले. उजवा तिथंच राहिला. डावा हळूहळू, कुणीतरी खालून ओढल्यासारखा, खाली आला. तो हात दुसऱ्याचा असावा तसा कंत्राटदार त्याच्याकडं बघत होता. ज्या माणसाला अख्खं शहर टरकून होतं, तो माणूस टरकला होता. दादाला ते बघवेना. त्यानं पुढं होऊन त्याच्या गळ्यातला टॉवेल काढला.

“गाडी मागच्या दाराला लाव,” कंत्राटदार म्हणाला.

“मामा, लाइव्ह आहे! खुर्ची रिकामी दिसली तर मतदानाला काय राहतंय?”

“खड्ड्यात गेली खुर्ची. खड्डे मीच खणलेत, किती खोल आहेत ते मला माहितीय. चल.”

दोघांनी त्याला काखेतून धरलं. डावा पाय फरशीवरून फरफटत गेला. दारातून बाहेर पडता पडता भाचा मागं वळला आणि दादाच्या कानाशी आला.

“मामांना काही निघालं नाही ना,” तो म्हणाला, “तर तुझं तोंड कुठल्याच रंगानं सरळ व्हायचं नाही.” मग दारातल्या आडदांड गड्याला, ज्याला सगळे पैलवान म्हणत, त्यानं सांगितलं, “याला इथून हलू द्यायचं नाही. मी फोन करतो.”

पैलवानानं दार लावलं आणि मेकअपच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. दादा खाली बसून डब्या गोळा करायला लागला. एक निळी डबी फुटली होती. तो ती पुसत बसला, कारण हाताला काहीतरी पाहिजे होतं.

कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर सहा वाजले. कार्यक्रमाचं संगीत वाजलं. डावीकडं मास्तरीणबाई, उजवीकडं रिकामी खुर्ची, तिच्यापुढं पाण्याचा भरलेला ग्लास. निवेदक म्हणाला, दुसरे उमेदवार तब्येतीच्या कारणानं येऊ शकलेले नाहीत. मास्तरीणबाई खुर्चीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ते बरे होऊन येऊ देत. भांडायला माणूस समोर लागतो.” आणि पाण्याच्या पाइपांवर बोलायला लागल्या. कॅमेरा मात्र दर मिनिटाला त्या खुर्चीवर जात होता.

“तुम्हाला खरंच कळतं का यातलं?” पैलवानानं विचारलं.

“नाही.”

“मग बोललात कशाला?”

दादानं दुसरी डबी पुसायला घेतली. सहा वीस झाले. पैलवानाचा फोन त्याच्या मांडीवर होता. दादा त्या फोनकडं बघत होता. तो विचार करत होता, दाढच असली तर? थकवाच असला तर? चौदा महिने ज्याचं त्याचं तोंड वाकडंच दिसत असेल आपल्याला, तर? आणि मग त्याच्या मनात आलं, निघू दे काहीतरी. मोठंच निघू दे. हे मनात आलं आणि त्याला भाच्यापेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटली. त्यानं डबीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

सहा अडतीसला फोन वाजला.

“हां भाऊ,” पैलवान उभा राहिला. भाच्याला त्याची माणसं भाऊ म्हणत. “हां... हां... बरं.” बराच वेळ तो नुसता ऐकत होता.

पैलवानानं फोन खिशात टाकला.

“डोक्यात रक्ताची गुठळी निघाली. औषध चालू केलंय. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं.” तो थांबला. “हात यायला वेळ लागेल म्हणे. पण माणूस आहे.”

“भाऊ काय म्हणाले?”

“तुमचं नाव नाही काढलं.” पैलवानानं मान खाजवली. “पण आठ दिवस इकडं फिरकू नका, दादा. माझं ऐका. डॉक्टरनं त्यांना विचारलं, सकाळी कुणाला दिसलं होतं का म्हणून. फोनवर रडत होते. असा माणूस मग कुणावरतरी राग काढतो.”

दादानं मान हलवली. ते त्याला समजत होतं.

पैलवान दारापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि तिथंच उभा राहिला. मग परत येऊन खुर्चीत बसला.

“माझं पण बघता का जरा?”

“काय?”

“ते. हसायचं.” पैलवानाचे कान लाल झाले होते. “वडलांचं असंच गेलं होतं तोंड. आम्ही म्हणालो, वारं लागलं.”

दादा उठला. आरशाचे दिवे चालूच होते.

“हसा.”

पैलवानानं डोळे मिटून सगळे दात दाखवले. एक किडलेला होता. दादानं उजवा कोपरा पाहिला, डावा पाहिला.

“सरळ आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

“परत एकदा बघा.”

दादानं परत एकदा पाहिलं.

तो गेल्यावर दादानं दार आतून लावून घेतलं. फोन वाजला तेव्हा तो दचकला. लेकीचा होता.

“बाबा, काय चाललंय तुमच्या चॅनेलवर? कधीपासून रिकामी खुर्चीच दाखवतायत. तब्येत बिघडली म्हणे त्याची. गेटपाशी गर्दी दाखवली. तुम्ही ठीक आहात ना?”

“आहे.”

“मग आवाज असा का येतोय? घरी जाऊ नका, इकडंच या. मी घ्यायला येऊ?”

फोनमधून त्याच्याच वाहिनीचा आवाज येत होता. मास्तरीणबाई अजून पाण्यावर बोलत होत्या. इथल्या पडद्यावर शब्द आधी येई आणि लेकीच्या घरात जरा मागाहून.

“आईचा फोटो आहे ना तुझ्यासमोर?” त्यानं विचारलं.

“टीव्हीच्या वरच तर आहे. का हो?”

त्यानं मागं हात नेऊन खुर्ची चाचपली. एकतीस वर्षांत तो त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. आज बसला.

“बाबा?”

“त्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो होतो.”

तिकडं कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. इथल्या पडद्यावर रिकामी खुर्ची होती आणि तिच्यापुढं पाण्याचा ग्लास, तसाच भरलेला.

“बोला बाबा,” लेक म्हणाली. “मी ऐकतेय.”

“त्या दिवशी सकाळी मी तिला म्हणालो, जरा हस,” त्यानं सुरुवात केली.